जुना रिसीव्हर घरी आणलात? आधी मागची पाटी वाचा

माझा पहिला रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात असलेला स्टिरिओ सेट) मी स्वतःच्या हाताने मारला. सांगलीत, गावभागातल्या घरी. अमेरिकेहून आलेला सेट, मागे स्पष्ट '१२० व्होल्ट' छापलेलं. पण मी पुढचे ॲल्युमिनियमचे नॉब फिरवण्यात दंग. प्लग २३० च्या बोर्डात घातला. गुंऽऽ असा आवाज, जळका वास, ट्रान्सफॉर्मर खलास.

काही सेटना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, अमेरिकन बाजारातल्या सेटना बहुधा नसतो. मग स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, पाटीवरच्या वॅटच्या दीडपट तरी. इस्त्रीसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर नकोत.

व्होल्टेज बरोबर असलं तरी वीस वर्षं माळ्यावर पडलेला सेट थेट चालू करू नका. कपॅसिटर सुकलेले असू शकतात. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसा सिरीज बोर्ड (सेटला जाणारी वीज आधी बल्बमधून नेणारा) वापरा, १०० वॅटचा तारेचा बल्ब लावून. एलईडी चालत नाही. (तारेचा बल्ब शोधणं हीच आता मोठी मोहीम!) बल्ब क्षणभर भगभगून मंद झाला तर ठीक, तसाच जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सिरीजमध्ये व्होल्टेज कमी पडल्याने प्रोटेक्शन रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) 'टक्' करणार नाही कदाचित, त्याने घाबरू नका.

आपल्याकडे आणखी एक तपासणी हवीच: झाकण काढून चॅसिसवर गाळाची रेघ दिसते का बघा. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. वरून पुसलेला सेट आतून बोलतो.

व्हॉल्यूम खरखरतो म्हणून डब्ल्यूडी-४० मारू नका. कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, सेट बंद ठेवून नॉब वीसेक वेळा फिरवा. मोबाईल 'फोनो'ला जोडू नका, आवाज फाटतो. ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या मिलिव्होल्टसाठी आहे. स्पीकरच्या ए आणि बी दोन्ही जोडण्यांवर ४ ओहमचे स्पीकर एकदम लावले तर बहुतेक सेटवर २ ओहमचा भार पडतो, तो झेपत नाही. आणि वरचा विणलेला रुमाल काढा, आईला वाईट वाटलं तरी. हवा तिथूनच बाहेर पडते.

मिरजेचा एक मित्र 'आवाजच नाही' म्हणून सेट पुण्याला न्यायला निघाला होता. दिवे लागत होते, सुई हलत होती. टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं होतं, म्हणजे सेट रेडिओऐवजी न जोडलेल्या टेपचा आवाज शोधत होता. ते वर केलं, तर आकाशवाणी सांगली इतकी मोठ्याने लागली की शेजारचे काका दारात आले.