क्यू हातात अडकला तर

पावसाळ्यात दुपारी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्यांनी बोर्डावर शब्द जुळवायचा खेळ, मांडला जातो. क्यू आला की नातीचा चेहराच पडतो. यू मिळेपर्यंत ती तो धरून बसते. तसं बसू नका!

क्यूला आय जोडा. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. समजा, बोर्डावर आधीच एक आय आहे आणि त्याच्या बरोबर वरचं घर तिहेरी अक्षराचं, म्हणजे अक्षराचे गुण तिप्पट करणारं, आणि रिकामं. तिथे क्यू ठेवा, त्याच्या उजवीकडे तुमचा आय. शब्द आडवाही झाला, उभाही. क्यूचे 10 गुण तिप्पट होऊन 30, आयचा 1. दोन्हीकडून 31, म्हणजे एका खेळीत 62! नातीने हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी चहा गॅसवरच विसरले.

आय नसेल तर क्यू, ए, टी: येमेनमध्ये चघळतात त्या झुडपाची पानं. एस, यू, क्यू: अरबी बाजार. एक्ससाठी एक्स, आय हे ग्रीक अक्षर आहेच.

नुसती अक्षरं घोकू नका, अर्थ डोळ्यांपुढे आणा. नातीला मी सांगितलं, येमेनचं पान म्हणजे तिथला विडा समज आणि अरबी बाजार म्हणजे आपला जांभळी नाका. आता ती विसरत नाही.