फिट थांबली, पण हात उठेना : या चुका टाळा

आकडी येऊन गेली, पोर शांत झोपलं, म्हणून घरचे जरा निवांत होतात. उठल्यावर बघतात तर एका बाजूचा हातपाय लुळा. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो पक्षाघात, दुसरा म्हणतो फिटचा थकवा, उतरेल. दोघांपैकी कुणाचंही बरोबर असू शकतं, आणि क्वचित दोघांचंही चुकतं.

मी फिजिओथेरपीच्या बाजूने हे आजार बघते. माझ्याकडे मूल येतं तोवर फाईल जाडजूड झालेली असते. सगळे रिपोर्ट असतात, फक्त एक गोष्ट कुणी लिहिलेली नसते: कुठली बाजू, किती वेळ, आणि झोपून उठल्यावर काय झालं. दुर्मीळ आजारात निदानाची किल्ली पुष्कळदा तिथेच असते.

फिट चालू असताना

चमचा, चावी, कांदा, चप्पल यातलं काहीही नको. तोंडात बोट घालू नका, पाणी पाजू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक येत राहिली किंवा पहिलीच असली तर १०८ला फोन.

‘सकाळी बघू’

फिटनंतर काही वेळ एक बाजू कमजोर राहू शकते. रॉबर्ट टॉड या डॉक्टरने १८४९ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला टॉडचा पक्षाघात म्हणतात. काही मिनिटांपासून साधारण ३६ तासांपर्यंत तो टिकतो आणि आपोआप जातो. पण हे आधीपासून फिट येणाऱ्या आणि डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलेल्या माणसाबद्दल. पहिल्यांदाच असं झालं, किंवा आजोबांना झालं, तर स्ट्रोक समजूनच निघायचं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यावरून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पोचेपर्यंत त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. मधुमेह असेल तर साखर तपासायला सांगा. साखर फार उतरली तर फिटही येते आणि एक बाजूही लुळी पडते, आणि ती वर आणली की माणूस बघता बघता सावरतो.

आधी दुर्मीळ, मग साधं

मोबाईलवर शोधून आलेले पालक पहिल्याच भेटीत अवघड नावं घेतात. आपल्या देशात मेंदूतल्या फितकृमीच्या गाठी हे फिटचं कितीतरी नेहमीचं कारण आहे. ‘आम्ही शिवराक (शाकाहारी), आम्हाला कसं होईल?’ असं विचारणारे भेटतात. डुकराचं कच्चं मांस खाऊन पोटात फितकृमी होतो, ते वेगळं. मेंदूत गाठ होते ती त्याची अंडी पोटात गेल्यामुळे, म्हणजे न धुतलेली भाजी, दूषित पाणी किंवा अस्वच्छ हातातून. शिवराक असण्याचा तिथे काही उपयोग नाही.

बाजू न लिहिणं

ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते, म्हणून इथे जरा थांबते.

बाळ दीड वर्षाचं व्हायच्या आत कधी डावी बाजू, कधी उजवी, कधी दोन्ही लुळ्या पडतात. डोळे विचित्र हलतात. झोप लागली की सगळं ठीक, आणि जागं झाल्यावर दहावीस मिनिटांनी पुन्हा तेच. हे चित्र ‘अल्टर्नेटिंग हेमिप्लेजिया’चं. दहा लाखांत एखाद्याला होणारा हा आजार. झटक्याच्या वेळी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढला तर त्यात फिट दिसत नाही, तरी फिटच्या गोळ्यांचा डोस वाढत राहतो. गंमत म्हणा की दुर्दैव, यातल्या जवळपास निम्म्या मुलांना खरीखुरी फिटही येते, त्यामुळे गोळ्या सरसकट बंदही करता येत नाहीत. कुठला झटका कुठला, हे ओळखावं लागतं. आंघोळ, ऊन, दमणूक, खूप आनंद यांनीही झटका येतो, गणेश चवथीच्या गडबडीत तर हमखास. कारण बहुतेकदा एटीपी१ए३ या जनुकात असतं, ते २०१२ मध्ये सापडलं. हा बदल बहुधा बाळातच नव्याने झालेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. तेव्हा ग्रहणात आई कुठे गेली होती याची चौकशी आजीने आता थांबवावी.

बाजू बदलत नसेल तर विचार वेगळा. तोच हात, तोच गाल दिवसरात्र फडफडत राहतो, महिन्यामहिन्याने त्याच बाजूची ताकद उतरते, औषधं पुरी पडत नाहीत. तेव्हा रासमुसेन एन्सेफलायटिसची शंका घ्यावी लागते. मेंदूच्या एकाच अर्ध्या भागाला सूज येऊन तो झिजत जातो. मॉन्ट्रियलच्या थिओडोर रासमुसेन यांनी १९५८ मध्ये त्याची नोंद केली. सुरुवातीचा एमआरआय अगदी नॉर्मल येऊ शकतो. तो एक कागद घेऊन वर्षभर स्वस्थ बसू नका, एमआरआय पुन्हा कधी काढायचा ते विचारून ठेवा.

कपाळावर, वरच्या पापणीवर जन्मापासून लालजांभळा डाग असेल तर तो स्टर्ज-वेबर या जन्मजात आजाराचा असू शकतो. अशा मुलाचे डोळेही तपासा, काचबिंदू होतो. आणि रडल्यावर, फुगा फुगवल्यावर काही मिनिटं हात गळतो, ही तक्रार ऐकली की मोयामोयासाठी, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जाण्याच्या आजारासाठी, त्या रक्तवाहिन्यांची तपासणी हवी. उलट्याजुलाबात अशा मुलाच्या अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका.

डिचोलीच्या एका आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात ‘डा’, ‘उ’, ‘दो’ एवढंच लिहायला सुरुवात केली, शेजारी वेळ, आणि झोपून बरं वाटलं तर एक टिंब. गॅसचा सिलिंडर लावल्याची नोंदही त्याच पानावर. डॉक्टरांनी इतर कागद बाजूला सारून आधी ती पानं उलटली.

व्हिडिओ काढतानाही बहुतेक जण फक्त चेहरा घेतात, अंगावर चादर तशीच. चादर काढा, चारही हातपाय दिसू द्या, मग डोळे जवळून घ्या. ‘बाय, उजवा हात वर कर’ असं बोला, नाव घेऊन हाक मारा, वेळ मोठ्याने सांगा. एक जण शूटिंग करत असला तरी दुसऱ्याने मुलाजवळ बसायचं.

गोळ्यांशी खेळ

देवाचा कौल घ्या, नवस बोला, माझी ना नाही. पण कौल मिळाला म्हणून गोळी बंद करू नका. अचानक औषध तोडलं की न थांबणारी फिट येऊ शकते. उपासाच्या दिवशीही डोस चुकवायचा नाही. व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध सुरू करताना मुलगी वयात येत असेल, किंवा घरात मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. दोन्ही ठिकाणी ते औषध धोक्याचं ठरू शकतं.

‘मोठी झाली की बघू’

रासमुसेनमध्ये फिट थांबवणारा खात्रीचा उपाय शस्त्रक्रिया. आजारी अर्ध्या मेंदूचा बाकीच्या मेंदूशी असलेला संबंध तोडतात. ऐकूनच पोटात गोळा येतो. बोटांची नाजूक हालचाल जाते, एका बाजूची नजर जाते, हे खरं. पण बहुतेक मुलं पुन्हा चालतात, आणि वय लहान असेल तर बोलण्याचं काम दुसरी बाजू उचलण्याची शक्यता जास्त. करायची की थांबायचं, हा निर्णय सोपा नाही. पण तो निर्णय असावा, नुसती टाळाटाळ नको.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, शस्त्रक्रिया होतात. मडगावहून नेत्रावती एक्सप्रेस थेट तिथवर जाते. जाताना एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडीही घ्या, जुनीसुद्धा, कारण दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवूनच झीज कळते. आणि गोळ्या बर्थखालच्या बॅगेत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, रात्रीच्या डोसचा गजर लावून.