मनगट दुखतंय आणि गुण उतरतायत : खान्देशातून टेनिसमध्ये येणाऱ्या मुलींसाठी

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून फोन येतात ते साधारण सारखेच. "ताई, पोरगी चौदा वर्षांची आहे, जिल्ह्यात तिला कोणी हरवत नाही. आता पुण्याला टाकू का?" आयटाची म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेची नोंदणी, जन्माचा दाखला, तिच्या टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज या स्पर्धा, पुढे आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनिअर स्पर्धा, त्यासाठीचा आयपिन हा नोंदणी क्रमांक, हे सगळं या पालकांना पाठ असतं. त्यावर मी वेळ घालवत नाही. पुण्याचंही नंतर बोलू. आधी ज्या गोष्टीने माझं स्पर्धा खेळणं संपलं ती समजून घ्या, कारण मला ती कोणी नीट समजावली नव्हती.

क्रमवारीतले गुण ५२ आठवडे टिकतात, मग उतरतात. हे प्रत्येकीने ऐकलेलं असतं, पण त्यातली मेख कोणी सांगत नाही. डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेच्या एकेरीच्या जागतिक यादीत नाव यायला एकतर तीन स्पर्धांत गुण लागतात, नाहीतर एकूण किमान दहा गुण लागतात. पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या छोट्या स्पर्धेत एखादी फेरी काढणारी मुलगी दहा गुणांपर्यंत लवकर पोचत नाही. ती तीन स्पर्धांच्या वाटेने यादीत शिरते. समजा डिसेंबरात पुण्याला एक गुण मिळाला, फेब्रुवारीत दुसरीकडे एक, मे महिन्यात तिसरीकडे एक. मे महिन्यात नाव लागलं, घरी पेढे वाटले, पेपरात फोटो आला. पुढचा डिसेंबर आला की पुण्याचा गुण उतरला. मधल्या काळात नवा मिळाला नसेल तर आता गुण दोन आणि स्पर्धाही दोनच. अशा वेळी क्रमांक दहा-वीसने घसरत नाही, आख्खं नावच यादीतून जातं.

नाव गेलं की मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य सामन्यांत, थेट शिरणं फार अवघड होतं. पात्रता फेरीच्या यादीतही तुम्ही तळाला, जागा उरली तर. पात्रतेतून वर यायचं म्हणजे सामने जास्त, हॉटेलच्या रात्री जास्त आणि मुख्य ड्रॉच्या पहिल्याच दिवशी समोर ताज्या पायांची मुलगी. म्हणून जुना गुण उतरायचा आठवडा जवळ आला की घरात, कोर्टवर, फिजिओच्या टेबलावर एकच वाक्य ऐकू येतं : पॉइंट डिफेंड करायचेत, म्हणजे उतरणाऱ्या गुणांच्या जागी नवे मिळवायचेत.

माझे गुण नेमके तीन स्पर्धांचे होते. पहिला उतरायला थोडे दिवस राहिले तेव्हा उजवं मनगट करंगळीच्या बाजूने दुखायला लागलं होतं. फोरहँड मारताना फारसं नाही. आधी कुलपात किल्ली फिरवताना, मग कळण्याचं पीठ मळताना, मग पाण्याची बाटली उघडताना. तेव्हाचे प्रशिक्षक म्हणाले, पट्टी बांध, खेळून घे, आराम काय नंतर आहेच. माझी आजीमाय अमळनेरकडची. तिला ड्रॉ कळत नव्हता, क्रमवारी कळत नव्हती. ती म्हणाली, "हात दुखी राह्यना तं खेळस कसाले?" त्या घरात तेवढाच एक बरोबर प्रश्न विचारला गेला. मी खेळले. गुण मिळाला नाहीच, टेंडन मात्र चांगलाच दुखावला, आणि हात बरा होईपर्यंत उरलेले दोन्ही गुण आपोआप उतरून गेले. जो एक गुण वाचवायला निघालो होतो त्याच्यापायी तिन्ही गेले.

म्हणून स्पष्ट सांगते. खुर्चीत बसा, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकवा आणि शरीराचा भार तळव्यांवर देऊन उठा. करंगळीच्या बाजूला खोलवर कळ आली तर त्या आठवड्याची स्पर्धा खेळू नका. गुण उतरू द्या. गुण एका चांगल्या आठवड्यात परत येतो. हात परत यायला किती वेळ लागेल हे कोणताही डॉक्टर आधी लिहून देत नाही.

घाबरवायला नाही लिहीत. मनगटाने मोडलेली कारकीर्द उभी राहते, आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. सानिया मिर्झा ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीत जगात २७ व्या क्रमांकावर होती. तिथवर आजपर्यंत दुसरी भारतीय मुलगी पोचलेली नाही. पुढच्याच वर्षी उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्या फेरीचा सामना मनगटापायी अर्धवट सोडावा लागला, आणि क्रमवारी शंभराच्या आसपास आली. लोक "संपली" म्हणायला लागले होते. २००९ मध्ये तिने महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. २०१३ पासून एकेरी सोडून ती फक्त दुहेरी खेळली. एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली, त्याच वर्षी मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डन आणि यूएस ओपन, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत निवृत्त होईपर्यंत एकूण सहा ग्रँडस्लॅम. तुम्ही या कारकिर्दीतली विजेतेपदं पाठ करता. मी तुम्हाला तिच्यातलं २०१३ चं वळण बघायला सांगते. अंगाला काय झेपतं ते बघून तिने खेळ बदलला, आणि खरी शिखरं त्यानंतर आली.

दुहेरीकडे आपल्याकडचे पालक उरलेल्या वेळात खेळायची गोष्ट म्हणून बघतात. मला याचा मनापासून राग येतो. आयटीएफ ज्युनिअरच्या क्रमवारीत सर्वोत्तम सहा एकेरींबरोबर सर्वोत्तम सहा दुहेरींचे पाव गुण धरले जातात, म्हणजे जोडीदार नाही म्हणून दुहेरी सोडली तर ते गुण तुम्ही स्वतःच टाकून दिले. आणि बार्शीची प्रार्थना ठोंबरे बघा. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीचं कांस्य, २०१६ ला रिओ ऑलिम्पिक. बार्शी काही महानगर नाही. भुसावळची, चोपड्याची, शिरपूरची मुलगीही तिथवर जाऊ शकते, हे मी धीर द्यायला म्हणत नाही, मला तसं खरंच वाटतं.

तारांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून बोलते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या रॅकेटला पॉलिएस्टरची कडक तार घट्ट ताणून बसवून देतात, कारण टीव्हीवरचे खेळाडू ती वापरतात. ती तार हादरा थेट मनगटात सोडते, आणि काही आठवड्यांत तारेचा जीव गेला तरी ती तुटत नाही, म्हणून कोणी बदलत नाही. वाढत्या वयात मऊ मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची तार घ्या, ताण कमी ठेवा. दुसरं आपल्या भागाचं. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ ला जातो आणि रॅकेटची बॅग गाडीच्या डिकीत पडलेली असते. त्या उष्णतेत तार सैल होते, चेंडू लांब जायला लागतो, आणि मुलगी तो आवरण्यासाठी मनगट जास्त वळवते. बॅग घरात आणा. सराव सकाळी सहाला सुरू करा, नवाच्या आत संपवा. आपल्या उन्हात खेळलं की दम वाढतो असं छाती फुगवून सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

आता पुणे. चौदाव्या वर्षी जाऊच नका असं मी म्हणणार नाही, खान्देशात रोज टक्कर देणाऱ्या मुली कमी मिळतात हे खरंच आहे. पण अकादमीचा फलक आणि भिंतीवरचे फोटो बघून ठरवू नका. एक आठवडा जाऊन बसा. मुलगी दुखतंय म्हणाली की तिथला प्रशिक्षक काय करतो एवढंच बघा. जो कधीच "आज बस" म्हणत नाही तो कितीही मोठा खेळाडू असला तरी माझ्या लेखी मार्गदर्शक नाही. आणि दूरच्या राज्यात ड्रॉ रिकामा असतो, तिथे जाऊन सोपे गुण घेऊन या, असा सल्ला देणारे जागोजागी आहेत. रेल्वेत दोन रात्री अंग आखडून गेलेली मुलगी तो रिकामा ड्रॉही हरते. मनमाड-भुसावळ मार्गावर तिकीट सहज मिळालं म्हणून स्पर्धा निवडायची नसते.

शाळाही सोडू नका. ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कॉलेज टेनिस खेळली, परत आली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. दहावीचे मार्क बरे असले तर ही वाट उघडी राहते.

शेवटी माघारीचं, कारण दुखतं हे माहीत असूनही मुली केवळ उशिरा नाव काढल्यावर होणाऱ्या दंडाच्या भीतीने खेळायला जातात. आयटीएफच्या महिला स्पर्धेतून नाव काढायची मुदत स्पर्धेच्या सोमवारआधी १३ दिवस, म्हणजे मंगळवारी, आपल्या वेळेने संध्याकाळी साडेसात. तोपर्यंत काढलेल्या नावाला काही होत नाही. तो मंगळवार आई-वडिलांच्या फोनमध्येही टाकून ठेवा, दुपारी फिजिओला मनगट दाखवा आणि साडेसातच्या आत काय ते ठरवा.