साठीनंतर डाएट सोडताय? पोटाचं ऐकताना या चुका टाळा

"महिनाभर पोटाचं ऐकलं, दीड किलो वाढलं. आता काय करू?" शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फिरून टेकलो की दर दोन-तीन महिन्यांनी आमच्यातली कुणीतरी हे विचारतेच. "नेमकं काय ऐकलंस ते सांग," म्हटलं की लक्षात येतं, बोललं होतं ते भिंतीवरचं घड्याळ, नाहीतर पातेल्यात उरलेली भाजी.

मी स्वतः चाळीस वर्षं डाएट केलं. कोबीचं सूप, सात दिवसांचा फळं-भाज्यांचा तक्ता, भात बंद, रात्रीचं जेवण बंद, मग दिवसातून दोनदाच आणि तेही पंचावन्न मिनिटांत. काहींना यातलं काही ना काही मानवतं, नाही असं नाही. माझे मात्र दर वेळी पाच-सहा किलो उतरले आणि व्याजासकट परत आले. (जन्मभर बँकेत नोकरी केली, व्याज मला कळतं.) निवृत्त झाल्यावर इंट्युइटिव्ह इटिंगच्या नादी लागले. १९९५ साली दोन अमेरिकी आहारतज्ज्ञ बायकांनी ही पद्धत मांडली. तक्ते, कॅलरी, 'हे चालेल, हे नको' सगळं बाजूला ठेवायचं, भूक लागली की खायचं, पोट भरलं की थांबायचं. वाचायला सोपं आहे. मला चार वर्षं झाली, अजून चुकते. आपल्या घरांत आणि आपल्या वयात ज्या चुका हमखास होतात तेवढ्याच इथे सांगते.

तुटून पडायचं आणि मग घाबरून तक्ता उघडायचा

डाएट सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी अर्धा किलो आम्रखंडाचा डबा आणला. दुपारी चार वाजता, फ्रिजचं दार उघडंच, उभ्या उभ्या डब्यातून चमच्याने खाल्लं. तीन दिवसांत डबा संपला. दुसरा आणला, तोही गेला. "माझ्या जिभेला लगामच नाही" असं म्हणून बहुतेक जणी इथूनच माघारी फिरतात.

थोडं थांबा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. ३६ निरोगी तरुण स्वखुशीने त्यात आले आणि त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ज्यांना आधी स्वयंपाकात फारसा रस नव्हता अशी पोरं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, दिवसभर खाण्याबद्दलच बोलू लागली, ताटल्या चाटून पुसून खाऊ लागली. बंधन उठल्यावर त्यांच्यातल्या काहींना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. आता गंमत बघा. त्यांना रोज मिळत होतं ते अन्न साधारण १,६०० कॅलरींचं. आमच्या हातात दिलेला तक्ता १,२०० चा होता! मग आम्रखंडाच्या डब्यावर तुटून पडले तर नवल काय?

ही लाट ओसरते, पण तिला थोडी शिस्त लावावी लागते. बंदीतला एकच पदार्थ निवडा आणि तो घरात ठेवा. रोज घ्या, पण वाटीत काढून, बसून आणि जेवणानंतर. कडकडून भूक लागलेली असताना नको. रोज मिळणार हे एकदा मनाला पटलं की त्या पदार्थाची ओढ आपोआप कमी होते. माझा तिसरा डबा फ्रिजमध्ये मागे राहिला आणि त्याला बुरशी आली. आमच्या घरात आम्रखंड वाया जाण्याची ती पहिलीच वेळ. मधुमेह असेल तर मात्र हा प्रयोग गोडापासून सुरू करू नका, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

"खाऊन माजावं, टाकून माजू नये"

तो डबा टाकताना माझा हात थरथरला, हे खोटं नाही. आपल्या पिढीला हे वाक्य दुधाबरोबर पाजलंय. पानात टाकायचं नाही, पातेल्यात ठेवायचं नाही. घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर बसणार, आणि आवरताना जे उरलं असेल ते तिचं. पोळीचा तुकडा, भाताचे दोन घास, वाटीच्या तळाशी राहिलेली उसळ. या खाण्याला आपण जेवण म्हणत नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही.

एका रात्री मी ठरवून हे सगळं तोंडात टाकण्याऐवजी एका डब्यात भरत गेले. ओटा पुसून झाला तेव्हा डब्यात सव्वा पोळी, वाटीभर भात, अर्धी वाटी मटकी आणि नातवाने सोडलेलं अर्धं थालीपीठ होतं. म्हणजे माझं जेवण झाल्यानंतर मी रोज आणखी एक जेवण जेवत होते. मुलीला दाखवलं तर म्हणाली, "आई, तुझं पोट म्हणजे ओल्या कचऱ्याचा डबा आहे का गं?" राग आला. उत्तर सुचलं नाही.

यावर उपाय आपल्या आयांना चांगला ठाऊक होता. उद्या सकाळी फोडणीचा भात, फोडणीची पोळी, उसळीचं सारण भरून पराठा. त्यासाठी झाकणाच्या छोट्या डब्या हाताशी हव्यात, आणि डबी भरायची ती जेवायला बसण्याआधी, आवरताना नव्हे. स्वयंपाकाचा अंदाजही बदला. मुलं वेगळी राहायला लागून दहा वर्षं झाली तरी आपला हात चार माणसांचीच कणीक मळतो.

भूक लागायची वाट बघत बसणं

ही सगळ्यात धोक्याची चूक, आणि ती आमच्याच घरी झाली.

माझं बघून ह्यांनीही मनावर घेतलं. वय ७१, मधुमेहासाठी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. दुपारी एकला मी पान वाढलं तर म्हणाले, "भूक नाही. तूच म्हणतेस ना, पोटाचं ऐका." मी गप्प बसले. वर बरंही वाटलं, नवरा ऐकतोय म्हणून! सव्वादोनला बघते तर हे खुर्चीत, शर्ट घामाने भिजलेला, हात कापतायत, आणि मी काय विचारतेय तेच त्यांना समजत नाहीये. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५८. सत्तरच्या खाली गेली की साखर उतरली असं धरायचं. गिळता येत होतं म्हणून तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८४. मग वरणभात. (माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.)

यात दोन गोष्टी आहेत. पहिली औषधांची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, जेवलं नाही तरी साखर उतरवत राहणारी गोळी घेणाऱ्याने जेवणाची वेळ पोटावर सोडायची नाही. ती डॉक्टरांनी सांगितलेलीच पाळायची, पोटाला विचारायचं ते किती आणि काय. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीने काहींची भूक मरते, तोंडाला धातूसारखी चव येते. स्टिरॉइड चालू असेल तर उलट, खा खा सुटते. ती हाक औषधाची असते आणि आपण बिचाऱ्या पोटावर ढकलतो.

दुसरी वयाची. उतारवयात पोट हळू रिकामं होतं, वास आणि चव मंदावतात, तहानही उशिरा कळते. भुकेचा आवाज बारीक होतो. पस्तिशीतल्या मुलीने 'भूक लागेल तेव्हाच खा' म्हणणं वेगळं आणि आपण म्हणणं वेगळं. त्यात आम्हा मुंबईकरांची भूक पहिल्यापासून लोकलच्या टाइमटेबलला बांधलेली. सकाळी माहीमहून चर्चगेटची गाडी गाठायची म्हणून साडेसातला चहा-पोळी, बरोबर एकला डबा, रात्री ह्यांची वाट बघून साडेनऊला जेवण. पस्तीस वर्षं मी भूक लागली म्हणून एकदाही जेवले नाही. तेव्हा निवृत्तीनंतर पोट पहिल्या महिन्यात काही सांगेल ही अपेक्षाच चुकीची होती.

म्हणून आमच्या घरी घड्याळ परत आलं. तीन जेवणं ठरल्या वेळी, मध्ये एकदा काहीतरी. ताटावर बसल्यावर मात्र पहिल्यांदा कमी वाढून घ्यायचं आणि पुढचं वाढण्याआधी थोडा वेळ द्यायचा. पोट भरल्याची वर्दी पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. माझी खूण अशी की आमटीची चव पहिल्या घासासारखी लागेनाशी झाली की थांबायचं. तुमची खूण वेगळी असेल. कुणाला ढेकर येते, कुणी नकळत चमचा खाली ठेवतं.

वजन उतरलं म्हणून खूश होणं

"बारीक झालीस गं!" हे आपल्याकडे कौतुक समजतात. साठीनंतर त्यावर जरा थबकावं. मुद्दाम काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे साठ किलोच्या बाईचे तीन किलो, तर डॉक्टरांकडे जायचं. या वयात उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही असतात. ते गेले की जिना चढताना, बसमधून उतरताना, न्हाणीघरात पाय घसरताना कळतं.

आमच्या मजल्यावरच्या एक काकू, वय ७६, मुलगा परदेशी. "एकटीसाठी काय शिजवायचं? भूकच नसते," म्हणायच्या. खरं म्हणजे त्या चहा आणि खारीवर राहत होत्या, दिवसातून चार वेळा. चार कप चहाने कुणाचीही भूक मरेल. पोटाचं ऐका असं त्यांना सांगणं म्हणजे चहाचं ऐका म्हणण्यासारखं होतं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्या ताट घेऊन आमच्याकडे येतात. त्या दोन दिवशी दुसऱ्यांदा आमटी मागतात.

पोटाचं ऐकताना प्रथिनांकडे मात्र डोकं लावायचं. या पद्धतीच्या दहा तत्त्वांत शेवटचं पोषणाचंच आहे. लोक पहिली नऊ वाचून पुस्तक मिटतात. भारतीय शिफारशीनुसार प्रौढांना किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हाताऱ्या माणसांसाठी अनेक तज्ज्ञ एक ते १.२ ग्रॅम सांगतात. साठ किलोला साठ-सत्तर ग्रॅम झाली. एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, शंभर ग्रॅम मासळीत अठरा-वीस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब डॉक्टरच ठरवतील.

आम्हा मासे खाणाऱ्यांची इथे एक खास अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, लगेच बऱ्याच घरांत श्रावण. म्हणजे सिटीलाइटच्या बाजारातली कोळीण "ताई, पापलेट ताजं हाय" म्हणते ते थेट गणपतीनंतर. या तीन महिन्यांत मी भात-बटाट्यावर येते आणि संध्याकाळी सहाला सारखं काहीतरी चिवडावंसं वाटतं. दोन वर्षं मला वाटत होतं की पावसामुळे भजी आठवतात. पाऊस आहेच, पण दुपारच्या ताटात मासळीच्या जागी काही आलंच नव्हतं. आता श्रावणापर्यंत अंडी, मग मोड आलेली कडधान्यं, पनीर, पिठलं. सुका जवळाही चालतो, पण त्यात मीठ फार, रक्तदाबवाल्यांनी जपून.

आणखी थोडं, भराभर

भुकेला एक ते दहा गुण देऊन वहीत लिहू नका. मी लिहिले. दोन आठवड्यांत ती वही म्हणजे नवा तक्ता झाली, आणि 'आज चार गुणांवर खाल्लं' म्हणून अपराधी वाटायला लागलं. वजनकाटा माळ्यावर टाकला तरी चालेल, महिन्यातून एकदा उतरवा.

उपास श्रद्धेने करत असाल तर त्यावर माझं काही म्हणणं नाही, फक्त मधुमेहाची गोळी असेल तर आधी विचारा. पण संकष्टीच्या नावाखाली डाएट चाललं असेल तर साबुदाण्याच्या खिचडीने ते काय होणार? एकादशी अन् दुप्पट खाशी.

कवळी टोचते म्हणून मऊच खावंसं वाटतं, आणि मऊ म्हणजे बिस्किट, पाव, भात. हा कौल दातांचा आहे. दंतवैद्याकडे जाऊन या.

आणि आग्रह. हळदीकुंकवाला, बारशाला, पोटभर झाल्यावरही कुणीतरी पुरणपोळी घेऊन उभी असते. "नको" म्हटलं तर तिला राग, "डाएट आहे" म्हटलं तर अर्धा तास व्याख्यान. चार वर्षांत मला एकच उत्तर सापडलंय. "अगं, आत्ता नको, पण सोडवतही नाही. डब्यात दे, उद्या सकाळी निवांत खाईन." डबा मी पिशवीत घेऊनच जाते.