गाडीचा पार्ट बदलण्याआधी अर्थिंग तपासून घ्या
सेन्सर नवा टाकला, तरी डॅशबोर्डवरचा तोच इशाऱ्याचा दिवा पुन्हा पेटतोय? स्कॅनरचा कोड फक्त सर्किट दाखवतो, खराब पार्ट नव्हे. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा, म्हणजे इंजिन ते बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच्या वायरीचा, व्होल्टेज ड्रॉप (वाटेत वाया जाणारे व्होल्ट) मोजून घ्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि स्टार्टर मारायचा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास असला तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची वायर नाहीतर तिचा गंजलेला बोल्ट धरा. वायरीचा रेझिस्टन्स (विरोध) ओहममध्ये मोजून समाधान मानू नका, कृपा करून! वायरीचे मोजके तंतू शाबूत असले तरी मीटर जवळपास शून्यच दाखवतो; लोड आला, म्हणजे जास्त करंट वाहायला लागला, की तीच वायर दगा देते. आणि बिघाड पावसात येतो, खड्ड्यात की इंजिन तापल्यावर, हे मेकॅनिकला आवर्जून सांगा.