उतरत्या बाजारात घर घेताना विक्रेत्याची अढी कशी ओळखावी

घरांच्या किमती उतरू लागल्या की सर्वप्रथम कमी होतात ते व्यवहार. किमती त्यानंतर, रेंगाळत खाली येतात. घरे पाहायला येणाऱ्यांची वर्दळ असते, चौकशा वाढतात, पण खरेदीखते होत नाहीत, कारण खरेदीदाराने मनाशी आजची किंमत धरलेली असते आणि विक्रेत्याने दोन वर्षांपूर्वीची. या दोन किमतींतले अंतर नेमके कशामुळे पडले आहे हे ज्याला वाचता येते, त्यालाच अशा काळात रास्त भावात घर मिळते. केवळ कमी बोली लावत राहिल्याने ते साधत नाही.

पहिले काम म्हणजे जाहिरातीतल्या किमती बाजूला ठेवणे. त्या विक्रेत्यांच्या इच्छा असतात. त्याऐवजी गेल्या तीन-चार महिन्यांत त्याच परिसरात, तेवढ्याच आकाराच्या आणि वयाच्या घरांचे प्रत्यक्ष नोंदले गेलेले व्यवहार मिळवावेत आणि प्रत्येकाची तारीख पाहावी, कारण किमती दरमहा १ टक्क्याने उतरत असतील तर चार महिन्यांपूर्वीचा आकडाही आज सुमारे ४ टक्के जादा ठरतो. मग विक्रीला असलेल्या घरांच्या संख्येला महिन्याला होणाऱ्या विक्रीने भागावे. १२० घरे विक्रीला असून महिन्याला १० विकली जात असतील, तर १२ महिन्यांचा साठा पडून आहे. साधारणपणे सहा महिन्यांच्या आसपासचा साठा समतोल समजला जातो; त्याहून बराच अधिक असेल, तर घाई करण्याचे कारण नाही. हा आकडा दर महिन्याला लिहून ठेवावा, कारण तो एकदाच पाहण्यापेक्षा वाढतो आहे की घटतो आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

आता विक्रेत्याकडे वळू. माझ्या मते या विषयाचे सारे मर्म इथेच आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या मध्यवर्ती भागातील सदनिकांच्या १९९० च्या दशकातील विक्रीचा अभ्यास केला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदी किमतीपेक्षा कमीत विकावे लागणार होते, त्या मालकांनी होणाऱ्या तोट्याच्या २५ ते ३५ टक्के इतकी रक्कम मागणीच्या किमतीत वाढवलेली आढळली. म्हणजे १०० ला घेतलेल्या घराची आजची किंमत ८० असेल, तर असा मालक इतरांपेक्षा ५ ते ७ ने अधिक मागतो. प्रत्यक्षात त्याच्या हाती तोट्याच्या ३ ते १८ टक्के, म्हणजे जेमतेम ०.६ ते ३.६ एवढेच अधिक पडते, आणि तेही बराच काळ थांबल्यावर. स्वतः राहणाऱ्या मालकांमध्ये तोट्यात न विकण्याची ही अढी गुंतवणूकदारांपेक्षा सुमारे दुपटीने अधिक दिसली. त्यामुळे भाव जुळवण्याची शक्यता गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घरात आधी तपासावी.

परंतु प्रत्येक ताठर विक्रेता तोट्याच्या दुःखापोटी अडलेला नसतो. काहींना कर्जाने बांधलेले असते. घर ६५ ला जात असेल आणि कर्ज ७० बाकी असेल, तर विकण्यासाठी त्याला खिशातून ५ भरावे लागतात आणि पुढच्या घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठीही काही उरत नाही. अशा माणसाशी तुम्ही कितीही सफाईने बोललात तरी तो खाली येऊ शकत नाही. कर्ज देणारी संस्था सवलत देण्यास तयार असेल तरच मार्ग निघतो. म्हणून घर कधी घेतले, त्यावर बोजा किती आहे, ते रिकामे आहे की राहते, किती महिने विक्रीला आहे आणि मागणी आजवर किती वेळा कमी केली, हे सुरुवातीलाच विचारावे. फार पूर्वी स्वस्तात घेतलेल्या मालकाला तोटा नसतो, तरीही शेजाऱ्याने तेजीच्या शिखरावर किती मिळवले हा आकडा त्याच्या मनात घर करून असतो. त्याला ताजे व्यवहार दाखवले तर तो वळू शकतो. बदली, वारसाहक्काची वाटणी किंवा आधीच घेतलेल्या दुसऱ्या घराचा हप्ता अशा कारणाने विकणाऱ्याला मात्र वेळ महाग पडत असते, आणि रास्त बोलीवर त्याच्याशी बोलणे लवकर संपते.

स्वतःच्या बाजूचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे करावा. तळ कधी आला हे तो मागे पडल्यावरच कळते. अमेरिकेत घरांच्या किमती २००६ पासून घसरत जाऊन २०१२ च्या सुमारास सावरल्या, आणि जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीच्या किमती दशकाहून अधिक काळ उतरत राहिल्या. शिवाय किमती उतरण्याचे कारण वाढलेले व्याजदर असतील, तर स्वस्त घर महागही पडू शकते. २० वर्षांच्या कर्जाचा दर ७ वरून ९ टक्के झाला, तर हप्ता सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. घर १० टक्के स्वस्त होऊन कर्जही त्याच प्रमाणात घटले, तरी हप्ता आधीपेक्षा सुमारे ४ टक्के जास्तच राहतो. किंमत आणखी १०-१५ टक्के घसरली तरी तुम्ही त्या घरात शांतपणे राहू शकाल आणि हप्ता भरू शकाल, एवढी खात्री असेल तरच बोली लावावी.

बोली लेखी असावी. तिच्यासोबत तीन-चार ताज्या व्यवहारांची यादी, कर्जमंजुरीचे पत्र आणि बोली कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे याची नोंद द्यावी. ताजी सरासरी किंमत घेऊन, व्यवहार पूर्ण होईपर्यंत होऊ शकणारी घसरण आणि दुरुस्तीचा खर्च वजा केला की तुमची वरची मर्यादा निघते. ती आधी कागदावर लिहून ठेवावी. विक्रेत्याचा तोटा चुकूनही बोलण्यात आणू नये, कारण त्याने अढी अधिकच घट्ट होते. किमतीत जे देता येत नाही ते अन्यत्र द्यावे: ताब्याची तारीख त्याच्या सोयीने ठरवावी, विसाराची रक्कम वाढवावी, हवे असल्यास घर सोडायला एक-दोन महिने अधिक द्यावेत. विसार देण्यापूर्वी मालकी आणि कर्जाचा बोजा वकिलाकडून तपासून घ्यावा.

विक्रेता त्याच बाजारात मोठे घर घेणार असेल, तर त्याच्यासमोर एक साधा हिशेब मांडावा. त्याचे १०० चे घर ८० ला जाते, पण त्याला घ्यायचे १५० चे घर १२० ला मिळते. तो २० गमावतो आणि ३० वाचवतो. बाजार ३ टक्के उतरत असताना मागणी २ टक्क्यांनी कमी करणारा विक्रेता मात्र दर वेळी बाजाराच्या मागेच राहतो.

नकार आला तर नम्रपणे आभार मानून संपर्क चालू ठेवावा आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा विचारावे. त्यानेच फोन केला, तर ताजे व्यवहार पाहून बोली नव्याने ठरवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. परंतु ती पहिल्या भेटीतच सांगावी, कागदपत्रे तयार झाल्यावर नव्हे, कारण तोवर मनाची तयारी करून बसलेला विक्रेता शेवटच्या घासाघिशीने दुखावून व्यवहारच सोडून देऊ शकतो.