ओस पडलेल्या खाणगावात जाताना

खाण बंद पडली की डोंगरातलं गाव ओसरत जातं. मागे उरतात दोन-चार नांदती घरं आणि आतून पोखरलेली जमीन. त्यामुळे इथे पडक्या घरांकडे बघत चालायचं नाही, आधी पायाखाली बघायचं.

सगळ्यात घातक म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, म्हणजे शाफ्ट. खाण बंद करताना कित्येकदा तोंडावर नुसत्या फळ्या टाकून माती लोटलेली असते. वर गवत हिरवंगार, खाली लाकूड कुजून भुसभुशीत. ओळखायचं कसं? खणलेला दगड कामगार तोंडाशेजारीच टाकायचे, म्हणून दगडांचा एकटा ढीग दिसला की तोंड जवळपास आहे असं समजा. नरसाळ्यासारखा खोलगट भाग दिसला तर कडेलाही जाऊ नका, लांबून वळसा घाला.

आडव्या बोगद्यात पाऊल टाकूच नका, तोंडाशी गार वारा कितीही छान लागला तरी. कुजणारं लाकूड आणि पायराइटसारखी खनिजं आतला प्राणवायू खातात. हवेत तो २१ टक्के असतो. १६च्या खाली आला की डोकं नीट चालत नाही, १०च्या खाली शुद्ध हरपते. वास येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. मेणबत्ती नेऊन बघू म्हणाल, तर ती विषारी कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही आणि मिथेन साठलेला असेल तर स्फोट होतो.

पाणी घरूनच न्या, माणशी निदान तीन लिटर. झऱ्याचं पाणी नारिंगी असेल तर ते आम्लाचं आणि लोखंडाचं, ते कुणीच पिणार नाही. फसवतं ते नितळ पाणी. त्यात आर्सेनिक हे विष असू शकतं. त्याला रंग नसतो आणि उकळल्याने तो जात नाही, उलट पाणी आटून तीव्र होतो. खनिज काढून उरलेल्या बारीक भुकटीच्या ढिगांवर बसून डबा खाऊ नका, मुलांना तिथे खेळू देऊ नका; त्या धुळीत शिसं असू शकतं.

पडक्या घरात शिरायचं नाही हेच बरं. पेन्सिलीएवढी जाड, बोटभर धातूची नळी दिसली तर ती सुरुंग उडवणारी डेटोनेटर असू शकते. हात न लावता आल्या पावली मागे फिरा, जागा लक्षात ठेवा, पोलिसांना कळवा.

आणि गाव अगदीच रिकामं नाही. अंगणात कपडे वाळत दिसले तर हाक मारा, विचारून मगच फोटो काढा. यंदाच्या पावसात जमीन कुठे खचली, हे नकाशात नसतं. त्या घरातल्या माणसाला माहीत असतं.